उणे तीसमध्ये घरी इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना : विनिपेगला नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या इथल्या पहिल्या जानेवारीतली गोष्ट. रात्री सात वाजता गाडी प्लगला लावून मी झोपले. सकाळी सहाला पाहिलं तर अकरा तासांत बॅटरी ४१ टक्क्यांवरून फक्त ४४वर आली होती. बाहेर उणे ३१. आधी वाटलं प्लग सैल राहिला असेल. तोंडाला मफलर गुंडाळून बाहेर गेले, प्लग दाबून पाहिला. घट्ट होता. चार्जरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे वीज रात्रभर गाडीत जात होती. मग गेली कुठे?

मी मूळची नागपूरची. पुण्यात आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी होती, त्यामुळे घरी चार्ज करण्यात आपल्याला नवं काही शिकायचं नाही अशी माझी समजूत होती. ती समजूत घेऊन तुम्ही येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. इथे, कॅनडातल्या विनिपेगमध्ये, जानेवारीत किमान तापमानाची सरासरीच उणे २०च्या आसपास असते आणि उणे ३०च्या रात्री दर हिवाळ्यात येतात. गाडी त्यातही उत्तम चालते. फक्त चार्जिंगची सवय पहिल्यापासून वेगळी लावावी लागते.

१. रात्रभराची वीज जाते कुठे, हे आधी समजून घ्या

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे आयन तिच्यातल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. गोठणबिंदूच्या खाली हे शिरणं फार मंदावतं. तशा अवस्थेत जोराने वीज ढकलली तर लिथियम आत न जाता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं, आणि त्यातलं काही पुन्हा कधी कामाला येत नाही. बॅटरीची क्षमता कायमची घटते. हे होऊ नये म्हणून गाडीची यंत्रणा गारठलेल्या बॅटरीला चार्ज घेऊच देत नाही, किंवा अगदी थेंबाथेंबाने घेऊ देते. आलेली वीज ती आधी बॅटरी तापवायला वापरते.

किती वीज लागते याचा अंदाज घेऊ. बॅटरीचं वजन ४५० किलो धरा. ती उणे २५वरून अधिक ५ अंशांवर आणायला साधारण पावणेचार युनिट लागतात. गाडी उघड्यावर उभी असेल तर तापवलेली बॅटरी लगेच पुन्हा निवायला लागते, म्हणजे भर घालत राहावं लागतं. गाडीगणिक आकडा बदलेल, पण हिशोब हाच.

आमच्या पलीकडच्या रस्त्यावर सांगलीचे एक काका राहतात. वीस वर्षं इथे आहेत. मी त्या सकाळची तक्रार सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अगं, इथे प्लग म्हणजे शेगडी समज. आधी ऊब, मग चार्ज." इथल्या पेट्रोलच्या गाड्यासुद्धा रात्री प्लगला लावतात, इंजिन उबदार ठेवणारा ब्लॉक हीटर चालावा म्हणून. काकांनी वीस वर्षं तेच केलं होतं, म्हणून त्यांना ते मला कळायच्या आधी कळलं.

एक गैरसमज इथेच दूर करते. हवामानाच्या अ‍ॅपवर 'विंड चिल उणे ४५' दिसलं की घाबरून जाऊ नका. विंड चिल माणसाच्या उघड्या कातडीसाठी असतं. हवा उणे ३० असेल तर गाडी उणे ३०च्या खाली जाणार नाही, वाऱ्यामुळे ती तिथवर लवकर पोचेल इतकंच.

२. आपल्या सॉकेटचं गणित मांडा

आपली माणसं हमखास फसतात ती इथे. भारतात १५ अँपिअरचं सॉकेट म्हणजे २३० व्होल्ट, सुमारे ३.४ किलोवॉट. कॅनडातही भिंतीवर १५ अँपिअरचंच सॉकेट असतं, पण १२० व्होल्टचं. शिवाय इथल्या इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे सलग तासन्‌तास चालणारा भार ब्रेकरच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवायचा असतो. म्हणजे १२ अँपिअर, १.४४ किलोवॉट. पुण्यातल्या सॉकेटच्या निम्म्याहूनही कमी.

आता माझंच उदाहरण घ्या. रोज ३० किलोमीटर जाणं-येणं. उन्हाळ्यात गाडी शंभर किलोमीटरला १७ युनिट खाते. उणे २५ला, छोट्या-छोट्या फेऱ्यांत, तीच ३२च्या आसपास जाते. म्हणजे दिवसाला साधारण १० युनिट हवीत. १२० व्होल्टवर अकरा तासांत भिंतीतून येतात जेमतेम १६. त्यातली काही चार्जिंगच्या नुकसानीत जातात, चारेक बॅटरी तापवण्यात, उरलेली ती गरम ठेवण्यात. रात्र फारच थंड असेल आणि गाडी उघड्यावर असेल तर हाती जवळपास काहीच लागत नाही. माझे ते तीन टक्के म्हणजे नेमकं हेच होतं.

बंद गॅरेज असेल, रोजचं अंतर पंधरा-वीस किलोमीटर असेल, तर १२० व्होल्टवर हिवाळा निघू शकतो. उघड्यावर गाडी लावत असाल तर पहिल्याच हिवाळ्यात २४० व्होल्टची लाइन घ्या असं मी आग्रहाने सांगेन. ४० अँपिअरच्या ब्रेकरवर ३२ अँपिअर सलग मिळतात, म्हणजे ७.७ किलोवॉट. एवढ्या जोरावर बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात उबदार होते आणि उरलेली रात्र खऱ्या चार्जिंगला मिळते.

खर्चाची धास्ती बाळगू नका. मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, वीज जवळपास सगळी पाण्यापासून होते आणि घरगुती दर युनिटला साधारण १० सेंट आहे. माझ्या रोजच्या १० युनिटांचा डॉलरभर खर्च होतो, आणि बॅटरी तापवण्याची वीज धरली तरी दीड डॉलरच्या आत भागतं. ऑन्टॅरिओत असाल तर तिथे वेळेनुसार दर आहेत. रात्री ११ ते सकाळी ७ फार स्वस्त अशी योजनाही आहे, ती नक्की पाहा.

३. २४० व्होल्टची लाइन टाकून घ्या, तीही जमीन गोठायच्या आत

विनिपेगमधल्या बऱ्याच घरांचं गॅरेज मागच्या गल्लीकडे, घरापासून सुटं असतं. तिथपर्यंत केबल न्यायची तर चर खणावा लागतो, आणि इथली जमीन हिवाळ्यात दीड-दोन मीटरपर्यंत गोठते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर खणायला कोणी सहज तयार होत नाही. म्हणून सप्टेंबरात फोन करा, ऑक्टोबरात काम उरका.

काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. परमिट काढावं लागतं. विनिपेग शहराच्या हद्दीत ते शहर प्रशासन देतं, हद्दीबाहेर मॅनिटोबा हायड्रो ही वीज कंपनी. इलेक्ट्रिशियन ते तुमच्या वतीने काढतो. "परमिटशिवाय स्वस्तात करून देतो" म्हणणारा भेटेलच, आम्हालाही भेटला. त्याला नाही म्हणा. उद्या आग लागली तर विमा कंपनी पहिल्यांदा परमिटच मागेल.

बोलवण्याआधी हे जमवून ठेवा :

- बेसमेंटमधल्या विजेच्या पॅनेलचा, दार उघडून काढलेला फोटो. मुख्य ब्रेकर किती अँपिअरचा आहे ते आणि लेबलं वाचता आली पाहिजेत.
- घरातल्या मोठ्या उपकरणांची यादी : फर्नेस (घर तापवणारी भट्टी) गॅसवर आहे की विजेवर, शेगडी, ड्रायर, गरम पाण्याची टाकी, एसी.
- वर्षभराची वीजबिलं.
- पॅनेलपासून गाडीच्या जागेपर्यंतचं अंतर, टेपने मोजून.
- घेऊ पाहत असलेल्या चार्जरचं माहितीपत्रक.
- काँडो, म्हणजे मालकीचा फ्लॅट असेल तर तिथल्या मंडळाचं (आपल्या सोसायटीसारखं) लेखी संमतिपत्र.
- काम झाल्यावर : परमिटचा क्रमांक आणि तपासणी झाल्याचा कागद. हे घराच्या कागदपत्रांत ठेवा.

बऱ्याच जुन्या घरांत मुख्य पुरवठा १०० अँपिअरचाच असतो. लगेच "२०० अँपिअर करावं लागेल" असं सांगणारे असतात आणि तो खर्च मोठा आहे. आधी विचारा, "लोडचा हिशोब करून दाखवाल का?" फर्नेस गॅसवर असेल तर १०० अँपिअरमध्येही अनेकदा जागा निघते. नाही निघाली तर लोड मॅनेजमेंटचं उपकरण बसवता येतं. घरात शेगडी आणि ड्रायर चालू असताना ते गाडीची वीज कमी करतं किंवा थांबवतं, मग पुन्हा सुरू करतं. फर्नेस विजेवर असेल तर मात्र पॅनेल कडाक्याच्या थंडीतच सर्वांत भरलेलं असतं. तिथे काटकसर करू नका.

दोन लेखी कोटेशनं घ्या. दोन्हींत परमिट, चर आणि तपासणी धरली आहे का, ते वाचून पाहा.

४. चार्जर निवडताना तीन गोष्टी पाहा

पहिली, लेबलवरचं किमान तापमान. काही चार्जर उणे ३०पर्यंत चालतात, काही उणे ४०पर्यंत. उघड्यावर बसवायचा तर इथे उणे ४०चाच घ्या. दुसरी, प्रमाणपत्राची खूण. सीएसए, सीयूएल, सीईटीएल यांसारखी कॅनडात मान्य असलेली खूण नसेल तर कितीही स्वस्त असो, तपासणीत तो नापास होईल. तिसरी, केबल. जाड कडक केबल उणे ३०ला काठीसारखी होते. ती वळवताना हात दुखतात आणि वेष्टनाला चिरा पडतात. लांब, मऊ रबरी केबल घ्या.

चार्जर सॉकेटला लावण्याऐवजी थेट तारांना जोडून घ्या. शेगडी-ड्रायरसाठीची स्वस्त सॉकेटं रोज आठ-आठ तास ३२ अँपिअर वाहायला केलेली नसतात, ती आतून तापून वितळल्याची उदाहरणं आहेत.

५. रोजची पद्धत : घरी आल्याबरोबर लावा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गाडी चालवून आल्यावर बॅटरी उबदार असते. तीच चार्ज घ्यायची सर्वांत चांगली वेळ. "जेवून लावू" म्हटलं की दोन तास जातात, तेवढ्यात बॅटरी निवू लागते आणि तिला पुन्हा तापवण्याचे युनिट तुम्ही भरता. मी आता हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी प्लग लावते.

मोबाईलच्या सवयीने "अजून ६० टक्के आहे, उद्या लावू" असंही करू नका. बॅटरी भरलेली असली तरी प्लग लावून ठेवा. बहुतेक गाड्या गरज पडली की भिंतीच्या विजेवर स्वतःला ऊब देतात. प्लग नसेल तर तीच ऊब बॅटरीतून जाते, आणि फार गारठलेल्या बॅटरीतला काही भाग तर सकाळी वापरताच येत नाही. काही गाड्यांत तो भाग पडद्यावर निळा दिसतो, हिमकणाची खूण येते. गाडी बिघडलेली नसते. गरम झाली की तो भाग परत मिळतो.

चार्जची मर्यादा किती ठेवायची? एरवी ८० टक्के, कडाक्याच्या आठवड्यात ९०. तुमची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची म्हणजे एलएफपी असेल तर कंपन्या अधूनमधून १०० टक्के करायला सांगतात, गाडीचं पुस्तक पाहा. ही बॅटरी थंडीत चार्ज घ्यायला जास्त कुरकुरते, त्यामुळे तिला तर गरम असतानाच लावलं पाहिजे.

१२० व्होल्टवर असाल तर आणखी एक पाहा. काही गाड्या आपसूक ८ अँपिअरवर चार्ज होतात, १२ अँपिअर तुम्हाला निवडावे लागतात. पण त्या सर्किटवर दुसरं काही नाही याची खात्री करूनच निवडा.

६. निघायची वेळ गाडीला सांगून ठेवा

गाडीच्या मेनूत किंवा अ‍ॅपमध्ये निघण्याची वेळ घालता येते. माझी ड्यूटी सातची, म्हणून मी सव्वासहा घालते. गाडी त्याआधी भिंतीच्या विजेवर बॅटरी आणि आतली हवा तापवून ठेवते. गारठलेली गाडी आतून गरम करायला सुरुवातीला पाच-सहा किलोवॉट लागतात. २४० व्होल्टची लाइन हे सहज पुरवते. १२० व्होल्टच्या प्लगवर उरलेली वीज बॅटरीतून ओढली जाते, म्हणून तिथे गाडी लवकर, म्हणजे तासभर आधी तापवायला लावा.

पेट्रोलची गाडी बंद गॅरेजात चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडमुळे. इलेक्ट्रिक गाडीला धूरच नाही, त्यामुळे दार बंद ठेवून ती निर्धास्त तापवा.

निघाल्यावर सीट आणि स्टिअरिंगचा हीटर वापरा. हवा तापवण्यापेक्षा त्यांना फार थोडी वीज लागते. आणि सुरुवातीचे काही किलोमीटर ब्रेककडे लक्ष ठेवा. एरवी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी मंदावते आणि त्यातून बनलेली वीज बॅटरीत परत जाते. थंड बॅटरी ती वीज घेत नाही, त्यामुळे पाय उचलला तरी गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. बर्फाळ चौकात हे आधी माहीत असलेलं बरं.

७. प्लग बर्फात अडकला तर

नोव्हेंबरातल्या गोठत्या पावसात हे होतं. पाणी चार्जिंगच्या झाकणात आणि प्लगच्या खिटीत शिरून गोठतं. गरम पाणी ओतू नका. दोन मिनिटांत तेही गोठतं आणि काम दुप्पट होतं. कुलपासाठीचे बर्फ वितळवणारे स्प्रे त्या भोकांत मारू नका. चाकू, स्क्रूड्रायव्हर तर लांबच ठेवा.

अ‍ॅपवरून गाडी आतून तापवा आणि वीस मिनिटं थांबा. काही गाड्यांत त्याच वेळी चार्जिंगचं तोंडही तापतं. मग झाकणाच्या कडेने हाताच्या मुठीने हलकेच ठोका. बर्फ तुटतो, झाकण तुटत नाही. मी दाराजवळ एक मऊ ब्रश आणि पातळ हातमोज्यांची जोडी ठेवली आहे. जाड हातमोज्यांनी खिटी दाबली जात नाही, आणि उघड्या बोटाने धातूला हात लावायचा नाही. प्लग वापरात नसेल तेव्हा तो लोंबकळत न ठेवता तोंड खाली करून होल्डरमध्ये अडकवा, म्हणजे आत बर्फ साचत नाही.

८. भाड्याच्या घरात राहत असाल तर

इथल्या बहुतेक पार्किंगच्या जागांना खांबावर सॉकेट असतं. ते पाहून नव्याने आलेला माणूस खूश होतो. आम्हीही झालो होतो. ते सॉकेट ब्लॉक हीटरसाठी असतं. ब्लॉक हीटर सहसा चारशे-पाचशे वॉटचा, तुमची गाडी १,४४०ची. अनेकदा दोन जागा एकाच सर्किटवर असतात. तुम्ही १२ अँपिअर ओढलेत की शेजाऱ्याचाही ब्रेकर उडतो आणि सकाळी त्याची गाडी सुरू होत नाही. काही ठिकाणी ही सॉकेटं वीज वाचवण्यासाठी ठरावीक वेळाने बंद-चालू होतात. म्हणून घर घेतानाच घरमालकाला लेखी विचारा : सॉकेट स्वतंत्र सर्किटवर आहे का, रात्रभर चालू असतं का, त्यावर इलेक्ट्रिक गाडी लावायची परवानगी आहे का. फोनवरचं "हो हो, चालेल" पुरेसं नाही.

आणि एक्स्टेन्शन कॉर्ड वापरू नका. दुकानात मिळणारी नारिंगी कॉर्ड ब्लॉक हीटरला चालते, पण दहा तास सलग १२ अँपिअर वाहताना तिचे जोड तापतात. आमच्या ओळखीच्या एका घरी अशा कॉर्डचा प्लग काळा पडून सॉकेटला चिकटला होता. तो मी हातात घेऊन पाहिला आहे. प्लास्टिकचा जळका वास दोन दिवसांनीही जात नव्हता.

९. लांब जायचं असेल तर

कॅनेडियन ऑटोमोबाईल असोसिएशनने फेब्रुवारी २०२५मध्ये ओटावाहून क्युबेकमधल्या माँ-त्राँब्लाँपर्यंत १३ इलेक्ट्रिक गाड्या चालवून पाहिल्या. तापमान उणे ७ ते उणे १५ होतं. गाड्यांचा पल्ला कंपनीच्या आकड्यापेक्षा १४ ते ३९ टक्के कमी भरला. आपल्याकडे उणे ३० असतं, तेव्हा मी सरळ अर्धा पल्ला धरते. ब्रँडन शहर इथून सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर आहे. तिथे जाताना चार्जिंग निघायच्या वेळेलाच संपेल असं लावते, म्हणजे बॅटरी भरलेलीही असते आणि गरमही. वाटेतल्या फास्ट चार्जरचा पत्ता गाडीच्याच नकाशात घाला, तर गाडी पोचेपर्यंत बॅटरी तापवून ठेवते. जानेवारी २०२४च्या थंडीत शिकागोत सार्वजनिक चार्जरवर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, त्याचं एक मोठं कारण हेच. गारठलेल्या बॅटऱ्या घेऊन आलेल्या गाड्या तासन्‌तास जागा अडवून बसल्या.

१०. डिसेंबरात भारतात जाताना

आपल्यापैकी पुष्कळजण नेमके कडाक्याच्या थंडीत महिनाभर घरी जातात. गाडी प्लगला लावूनच जा. मर्यादा ५० ते ६० टक्के ठेवा. कॅमेऱ्याची पहारा देणारी सोय आणि निघण्याची ठरलेली वेळ बंद करा, नाहीतर गाडी रोज सव्वासहाला रिकाम्या घरासाठी तापत राहील. आईला दाखवायला म्हणून अ‍ॅप दिवसातून चारदा उघडू नका, प्रत्येक वेळी गाडी जागी होते आणि वीज खाते. १२ व्होल्टची छोटी बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर जायच्या आधी तपासून घ्या. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडत नाही आणि चार्जिंगही सुरू होत नाही.

वीज गेली किंवा ब्रेकर उडाला तर पाहायला कोणीतरी हवं. आमच्या गॅरेजची किल्ली काकांकडे असते. जाताना पॅनेलमधल्या त्या ब्रेकरवर मी मराठीत चिठ्ठी चिकटवते : "काका, हा गाडीचा. उडाला तर एकदाच वर करा, पुन्हा उडाला तर तसाच ठेवा आणि मला फोन करा."